उस्तादांनी हात न लावलेले केस

समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी गळ्याकडे बघणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. लक्ष्मी रस्त्याच्या मागे, सराफांच्या पेढ्या संपतात तिथल्या एका बोळात ते बसायचे. जमिनीपासून हातभर उंच एक फळी, तिच्यावर सतरंजी, मागच्या भिंतीला खिळे आणि खिळ्यांना टांगलेल्या रंगीत रेशमाच्या लडी, एवढंच त्यांचं दुकान. ते पटवेकरी होते. सराफाने घडवलेले मणी, वाट्या, पदकं दोऱ्यात ओवायची, गाठायची, मागे गोफ विणायचा आणि दागिना गळ्यात घालण्याजोगा करून द्यायचा, हे काम त्यांच्या घरात चार पिढ्या चाललं होतं, आणि चारही पिढ्या पुण्यातच. बोळ त्यांना उस्ताद म्हणायचा, म्हणून मीही उस्तादच म्हणत आले.

कामाला बसले की दोऱ्याचं एक टोक उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवायचे. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहत आणि दोरा ताठ राहत असे. इतक्या वर्षांत अंगठ्याला खाच पडली होती. एकदा माझ्यासमोर एक गृहस्थ फार अदबीने "नमस्कार, येऊ का?" म्हणाले, तर हे मान न उचलता म्हणाले, "या. उठून उभा राहत नाही, पाय कामावर गेलाय." गृहस्थ बिचारे बराच वेळ त्यांच्या पायाकडे बघत उभे राहिले.

गळ्यावरून त्यांना माणसाची सगळी हकीकत कळायची. ठुशी घेऊन आलेल्या एका बाईंना त्यांनी सांगितलं, "सासूबाईंशी बोलून वार वाटून घ्या." बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. एकच ठुशी दोघी घालतात, हे उस्तादांनी गोफाच्या झिजण्यावरून ओळखलं होतं. दोन मानांचे घेर वेगळे, त्यामुळे गाठ सारखी वरखाली सरकलेली. आणखी एकजण कौतुकाने म्हणाल्या, "चाचा, तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो!" उस्ताद म्हणाले, "आपलंही बरं आहे. सराव ठेवा." त्यानंतर त्यांनी त्या बाईंचं काम मात्र नेहमीपेक्षा जास्त मन लावून केलं. रागाचा कामाशी संबंध नाही, असं ते म्हणत.

त्यांच्याकडे कात्री नव्हती. दोरा तोडायचा तर पेटत्या उदबत्तीचं टोक लावायचे. एखादा दोरा गुंतला तर तो ते एका पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवत आणि रिकाम्या वेळी काढून सोडवत बसत. दोन दिवस लागोत, चार लागोत. "फेकून द्या की," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "गुंता म्हणून काही नसतं. घाई असते."

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती माझी पोत वाढवली म्हणून. 'तुटली' म्हणायचं नाही, हे वळण आईने लावलंय. बाकीची बरीचशी वळणं मी सदाशिव पेठेतच सोडून आले. नवरा नायजेरियाचा आहे. इथे शिकायला आला आणि माझ्या तावडीत सापडला. आम्ही कर्वेनगरला राहतो, लेक तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती, आणि पोत वाढवली ती तिनेच. मी तिचे केस विंचरत होते, तिने कळवळून मागे हात टाकला आणि हाताला आली ती पोत. काळे मणी फरशीभर झाले. आम्ही दोघी भोकाड पसरून रडलो.

तिचे केस बापाचे. कुरळे म्हटलं की आपल्याकडे जे डोळ्यांसमोर येतं ते नव्हे. प्रत्येक केस स्वतःभोवती गिरक्या घेत वर निघालेला, दाट, आणि खाली पडायला साफ नकार देणारा. आमच्या घराण्यात सगळ्यांचे केस सरळ. केसांचं जे काही मला ठाऊक होतं ते म्हणजे रविवारी शिकेकाई, खोबरेल थापून घट्ट वेणी आणि लाकडी फणी. तेच मी तिच्यावर चालवलं. नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "दोन-तीनदा टक्कल कर, सरळ येतील." जावळ काढून झाल्यावरही मी आणखी दोनदा टक्कल केलं. दोन्ही वेळा केस आले ते पहिल्यासारखेच, उलट जास्त जोमाने. बापाचेच केस ते, दुसऱ्या कुणाचे येणार होते? पण हे कळायला मला लेकीचं डोकं दोनदा भादरावं लागलं, याची मला आजही लाज वाटते.

नवऱ्याचा काही उपयोग नव्हता. "आमच्याकडे हे काम आया आणि मावश्या करतात, मुलग्यांना अंगणात हाकलून देतात," असं म्हणून तो मोकळा झाला. विचारायचं तर सासूबाईंना. आणि सासूला विचारणं म्हणजे हरणं, हे माझ्या रक्तात. सासूबाई व्हिडिओ कॉल करत तेव्हा मी लेकीच्या डोक्यावर कानटोपी चढवत असे. मे महिन्यातसुद्धा. सासूबाई काळजीने विचारायच्या, "तुमच्याकडे एवढी थंडी असते?" मी म्हणायचे, "यंदा जरा जास्तच आहे."

मग शाळा सुरू झाली. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी मी तिच्या केसांतून हात फिरवला आणि हाताला काहीतरी टोचलं. बघते तर पेन्सिलीचे तासलेले कपटे, खोडरबराचे तुकडे, कागदाचे बारीक गोळे. मूठभर निघाले. मी विचारलं तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "तो गेम आहे. कुणाचं जास्त वेळ राहतं ते बघायचं." मी काही बोलायच्या आत तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आई, माझं टक्कल करशील? या वेळी परत येणार नाहीत असं कर."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडले. मला भांडता येतं. खेळ बंद झाला, पण तिचं म्हणणं काही बदललं नाही. शेवटी मी वेळ काढायचा म्हणून कबूल केलं, "दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी सलूनमध्ये जाऊ." मनात म्हटलं, विसरेल. ती कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल करून आली. दिलेला शब्द मोडला तर ती कधी माफ करत नाही; तेवढं एक मात्र माझ्यावर गेलंय.

तर पोतेचे मणी रुमालात बांधून मी उस्तादांसमोर उभी होते आणि लेक माझा हात धरून. तिच्या डोक्यावर मी त्या दिवशी अर्धी बाटली जेल ओतून, केस मागे दाबून, वर दोन हेअरबँड चढवले होते. उस्तादांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्याकडे पाहिलं, आणि चष्मा वर केला.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"का? काही वैर होतं?"

मला असा राग आला की मणी घेऊन परत फिरणारच होते. पण तेवढ्यात खाली बघते तर लेकीने तो पत्र्याचा डबा उघडला होता. त्यातला एक हिरवा गुंता मांडीवर घेऊन ती फरशीवर बसली होती आणि बोटांनी त्याची टोकं शोधत होती. उस्ताद बराच वेळ तिची बोटं बघत राहिले.

"बाईसाहेब, टोकाकडून सोडवताय. कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मधे ओढलं की गाठ बसते."

"हे आपल्या आईंना कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं," ती म्हणाली. "ती घाईत असते."

त्या दिवसापासून ते माझे उस्ताद झाले. मी विचारलंही नव्हतं. पोत देताना त्यांनीच फर्मावलं, "उद्या अकराला या. शनिवारी बाईसाहेबांनाही आणा. दिवाळीला अजून अवकाश आहे." दिवाळीचं त्यांना लेकीने परस्पर सांगून टाकलं होतं.

पहिला महिनाभर त्यांनी मला बोळात लेकीच्या डोक्याला हात लावू दिला नाही. कॉलेजच्या लायब्ररीत माझी नोकरी दुपारची, त्यामुळे सकाळी जाऊन बसायचे. अंगठ्याला दोरा अडकवून गोफ विणायचा, त्यांनी बघायचा, "उसवा" म्हणायचं, मी उसवायचा. शिकवण्याआधी त्यांनी डब्यातला एक गुंता घरी न्यायला दिला आणि बजावलं, "सोडवून आणा. कात्री लावलीत तर मला कळेल." तीन दिवस मी झगडले. चौथ्या दिवशी एका ठिकाणी हळूच कापलं आणि इतकी बारीक गाठ मारली की माझी मलाच दिसेना. उस्तादांनी तो दोरा बोटांतून एकदा सरकवला आणि बरोबर त्या जागी थांबले. दुसरा, त्याहून मोठा गुंता काढून माझ्या पुढ्यात ठेवला. त्या क्षणी मला नोकरी, संसार, सगळं सोडून पळून जावंसं वाटलं.

पण त्यांच्या रेशमाच्या गोष्टी मी घरी जाऊन लेकीच्या केसांवर करून बघायला लागले आणि चमत्कार दिसायला लागला. कोरड्या दोऱ्याला हात लावायचा नाही. आधी ओला, मग मेण. मी केस ओले करून, तेलाचा हात देऊन मग बोटं घालायला लागले. एकदम सगळ्याशी भिडायचं नाही, आधी लडी पाडायच्या. मी डोक्याचे आठ भाग करायला लागले. रेशीम सुती कापडात ठेवायचं नाही, सुती कापड ओल पिऊन टाकतं. म्हणून लेकीच्या उशीला माझ्या जुन्या रेशमी साडीचा अभ्रा आला. फणी मी माळ्यावर टाकली. एका रविवारी मी तिचे सगळे केस सोडवले आणि ती एकदाही रडली नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि ती झोपून गेली होती. मी तशीच बसून राहिले, पायाला मुंग्या आल्या तरी उठले नाही.

हे सांगितलं तेव्हा उस्ताद "हं" म्हणाले आणि म्हणाले, "आता डोक्यावर करू."

त्यांची पद्धत ठरलेली. लेक फळीखालच्या पायरीवर बसायची, मी तिच्या मागे स्टुलावर, आणि उस्ताद वर आपल्या फळीवर. त्यांनी तिच्या केसाला एकदाही हात लावला नाही. "परक्याच्या लेकीचं डोकं आहे. आईचा हात असताना माझा कशाला?" ते स्वतःच्या अंगठ्याला काळ्या दोऱ्यांची लड अडकवून करून दाखवायचे आणि मी केसांवर करायचे. चुकलं की हातातल्या बारीक काडीने दुरूनच जागा दाखवायचे. दागिन्याच्या गोफाला ते आतल्या लडीवर दुसरा दोरा गुंडाळत नेतात, तसंच एक दिवस त्यांनी केसांचं करायला सांगितलं. एक बट घ्यायची, मुळापासून टोकापर्यंत तिच्यावर दोरा गुंडाळत जायचा. "रेशीम नको, निसटेल. मऊ सुती घ्या, तेलात बुडवून." बट गुंडाळून झाली आणि मी हात काढला, तर ती सरळ उभी राहिली. लेकीने आरशात पाहिलं आणि मान हलवून बघितली. बट हलली नाही.

"अजून करा," ती म्हणाली.

तेरा बटा झाल्या, उभ्या आणि जराशा बाहेर झुकलेल्या. बोळातले सराफ, कारागीर, चहावाला, सगळे येऊन बघून गेले. सोमवारी ती तशीच शाळेत गेली. मी दुपारभर लायब्ररीत पुस्तकं चुकीच्या कपाटात लावत होते. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "बाईंनी विचारलं, कुणी केलं. मी सांगितलं, आईने." एवढं सांगून ती खेळायला गेली.

उस्तादांचा शब्द कुणी खोडलेला मी पाहिला नव्हता. तो खोडला माझ्या सासूबाईंनी, आणि तो दिवस मला विसरता येणं शक्य नाही.

नवरात्र उलटून गेलं होतं. शनिवारची सकाळ, आम्ही बोळात, तेरा बटा नव्याने बांधून झालेल्या. माझा फोन वाजला आणि मी हात पुसेपर्यंत लेकीने तो उचलला. व्हिडिओ कॉल. सासूबाई. कानटोपी कर्वेनगरला.

सासूबाईंनी आधी फोन डोळ्यांजवळ नेला. मग त्या जोरात किंचाळल्या. मला वाटलं, झालं, संपलं. पण त्या शेजारणींना हाका मारत होत्या. बघता बघता फोनमध्ये पाच-सहा बायका गोळा झाल्या, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या आईने माझे असेच बांधले होते. असाच दोरा. तुला तिथे ही कोण भेटली?"

मी फोन वर धरला. सासूबाईंना फोनमध्ये पांढरी दाढी, टोपी आणि पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा दिसला. उस्तादांनी संकोचाने मान खाली घातली, परक्या बाईंशी फोनवर बोलायची त्यांना सवय नव्हती.

मग सासूबाईंनी लेकीला फोन जवळ आणायला सांगितला. आणखी जवळ. कपाळाजवळ. आणि त्यांचा आवाज बदलला. मी उस्तादांसाठी मराठीत सांगत गेले, "त्या म्हणताहेत, काम फार सुंदर आहे. पण कपाळापाशी फार घट्ट आहे. तिथले केस नाजूक असतात. असंच ओढलं तर ते जातील आणि परत यायचे नाहीत. आणि मुलीला दुखत असणार."

ताठ दोरा म्हणजे त्या माणसाचं सगळं आयुष्य. आता ते काहीतरी खरमरीत बोलणार आणि मला ते सासूबाईंसाठी गोड करून सांगावं लागणार, अशी मी तयारी केली. उस्तादांनी अंगठ्यातला दोरा काढला. पहिल्यांदाच मी त्यांना कामाच्या मध्ये पाय मोकळा करताना पाहिलं. ते फळीवरून खाली उतरले आणि लेकीसमोर पायरीवर बसले.

"बाईसाहेब, दुखत होतं?"

"थोडं."

"सांगायचं नाही?"

"तुम्ही म्हणाला होता, ताठ पाहिजे."

उस्तादांनी चष्मा वर करून कपाळाजवळच्या बटा नीट बघितल्या. मग मला म्हणाले, "त्या बाईंना सांगा, त्यांचं बरोबर आहे. दोऱ्याला दुखत नाही, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. पन्नास वर्षांत कधी विचारावं लागलं नाही." आणि लेकीला म्हणाले, "चूक माझी आहे. आपली माफी मागतो." त्यांनी हात जोडले होते. सहा वर्षांच्या मुलीसमोर.

मग त्यांनी मला कपाळाजवळच्या सगळ्या बटा सोडायला लावल्या आणि सासूबाई सांगतील तशा पुन्हा बांधायला लावल्या. तिकडे सासूबाईंनी एका शेजारणीचं डोकं पुढ्यात घेतलं आणि त्या करून दाखवायला लागल्या. इकडे उस्ताद मान तिरपी करून बघत होते. "हात फार हलका आहे बाईंचा," ते पुटपुटले. मी तेवढं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं की दोऱ्याचं शेवटचं टोक न कापता कसं आत जिरवलंय, आणि उस्तादांनी पुन्हा पाय अडकवून त्यांना तीनदा दाखवलं. दुभाषी म्हणून मी होते, पण अर्ध्या तासाने माझी कुणाला गरज राहिली नव्हती. त्यानंतर मी कानटोपी कामवालीच्या नातवाला देऊन टाकली, आणि सासूला विचारणं म्हणजे हरणं, हा माझा समजही तेव्हाच संपला.

पण कॅलेंडरवरचा गोल तसाच होता. लेकीने त्याविषयी चकार शब्द काढला नाही आणि मला विचारायचा धीर होईना. सुट्टीचा पहिला दिवस उजाडला. सकाळी ती म्हणाली, "आधी उस्तादांकडे जाऊ." स्कूटरवर मागे बसून ती गात होती आणि मी वाटेतल्या सलूनच्या पाट्यांकडे बघायचं टाळत होते. बोळात पोचलो तर कामं सोडून सगळे जागच्या जागी उभे. उस्तादांनीच त्यांना तारीख सांगून ठेवली होती, हे उघड होतं.

"बाईसाहेब," उस्ताद म्हणाले, "आज ठरलं होतं. आपला शब्द आहे आणि आईंचाही शब्द आहे. आपण म्हणाल तसं होईल, इथे कुणी काही बोलणार नाही. काय निकाल?"

लेकीने डोक्यावरून हात फिरवला. आदल्याच दिवशी मी सगळे दोरे काढले होते आणि केस मोकळे सोडले होते. चहूबाजूंनी वर आणि बाहेर पसरलेले, तेल लावलेले, चमकणारे केस. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी घाईत मी माझी वेणी घातली नव्हती, स्कूटरच्या वाऱ्याने केस तोंडावर आले होते.

"आई," तिने खरोखरच्या काळजीने विचारलं, "तुझ्या केसांना उभं राहता येत नाही का गं?"

"नाही गं," मी म्हटलं. "नाही येत."

तिने थोडा विचार केला. "मग सलूनमध्ये तू जा. मी बाहेर थांबते."

बोळात जो हशा उठला तो लक्ष्मी रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. चहावाल्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी पायरीवर बसून ढसाढसा रडत होते आणि मला इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग माझ्याकडे वळून एकदम कोरड्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला आता सगळं येतं. उद्यापासून येऊ नका. माझी कामं खोळंबली आहेत."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही दोघी गेलो, तर खालच्या पायरीवर दोन चहा आणि एक दूध झाकून ठेवलेलं होतं.